कढईवरचं कडवं

चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर एकतीस डोनट उरले होते. साडेपाच वाजता तिथे बहात्तर होते, आणि ऑगस्टच्या त्या सामुदायिक जेवणाला आलेली माणसं अठ्ठ्याऐंशी. उरलेल्यांपैकी बावीस अख्खे होते. नवांचा एकेक घास तोडलेला होता. खाली वाण्याच्या तपकिरी पिशव्या फाडून अंथरलेल्या होत्या आणि प्रत्येक डोनटाखाली कागदावर चरबीचं वर्तुळ उमटलं होतं. मी पट्टी आणून दहा वर्तुळं मोजली. सरासरी व्यास सव्वाचार इंच. डोनट स्वतः तीन इंचांचा.

बावीस अख्ख्यांपेक्षा मला त्या नवांची काळजी वाटली. कुणी हातच लावला नाही, तर पोट भरलं होतं असं म्हणता येतं. एक घास खाऊन परत ठेवलेल्या डोनटाला दुसरं कारण नसतं.

"पट्टी घेऊन काय करतेयस गं?" ल्युएला आत्यानं कढई पुसता पुसता विचारलं.

"मोजतेय."

"हे कॉलेजात शिकवलं का चार वर्षं? मर्टलनं ब्लूबेरीचं पुडिंग दोन पातेली केलं. दोन! मग माणसं डोनट कुठे घालतील, खिशात?"

मर्टल भांडी विसळत होती. "माझ्या पुडिंगचं नाव घेऊ नकोस हं ल्युएला. मागच्या वर्षी मी आजारी होते, पुडिंग नव्हतंच. तेव्हाही उरले होते."

आत्या कढई पुसत राहिली. तेवढ्यात जिन्यावरून कर्टिस थर्लो खाली आला. कर्टिस आमच्या जत्रेचा अध्यक्ष. त्यानं टोपी काढली, तेव्हाच मला कळलं की बातमी चांगली नाही.

"ल्युएला, सरळच सांगतो."

"सरळ सांगायला कधी शिकलास?"

"बैलांच्या रिंगणाजवळच्या जागेसाठी या वर्षी अजून एक अर्ज आलाय. लुइस्टनचा माणूस आहे, नॉर्मन गुले. त्याच्याकडे यंत्र आहे डोनटांचं."

"ती जागा आमची आहे. एकोणीसशे एकवीसपासून."

"माहितीये. पण मागच्या वर्षी लोक माझ्याकडे पिशव्या घेऊन आले. कागदातून पलीकडचं दिसत होतं. कमिटीनं ठरवलंय, महिनाअखेरच्या शनिवारी दोघांनी तळून दाखवायचं. ज्याचा चांगला, त्याची जागा."

"आणि चांगला म्हणजे काय, ते कोण ठरवणार? तू? तुला तर जळका टोस्टसुद्धा आवडतो."

कर्टिस हसला, पण टोपी त्यानं हातातच ठेवली. जाताना टेबलावरचा एक डोनट उचलला, अर्धा खाल्ला, आणि उरलेला रुमालात गुंडाळून खिशात घातला. मी तो दहावा धरला.

त्या जागेचा इतिहास आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगते. आत्याची मावशी हॅना १९१८ साली धर्मादाय मंडळाच्या बायकांबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर गेली होती. तिथे सैनिकांना देण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. पीठ, साखर, चरबी होती, ओव्हन नव्हतं. म्हणून त्यांनी डोनट तळले. पाऊस पडत असायचा, चिखलात पोरं रांगेत उभी असायची आणि गरम डोनट हातात पडला की घरची आठवण काढायची. ती पोरं परत आली ती डोनट मागतच आली. आधी डोनट आमच्याकडे न्याहारीला घरोघर व्हायचे. युद्धानंतर ते रस्त्यावर, स्टेशनात, जत्रेत विकत मिळू लागले. हॅनानं जत्रेत जागा घेतली आणि पुढे ती आत्याला दिली. सोबत दिला पत्र्याचा साचा, बिडाची कढई, आणि एक पद्धत.

पद्धत अशी. चरबी तापत आली की तिच्यात पावाचा एक चौकोनी तुकडा सोडायचा आणि स्तोत्राचं पहिलं कडवं म्हणायचं. कडवं संपेपर्यंत तुकडा बदामी झाला तर चरबी तयार. मग डोनट सोडायचे. एका बाजूला एक कडवं, उलटून दुसऱ्या बाजूला तेच कडवं. हात पिठात आणि चरबीत बुडालेले असताना घड्याळ कोण बघणार? फ्रान्समध्ये बायकांनी काढलेली ही युक्ती आमच्या तळघरात छप्पन्न वर्षं चालू होती. चार-पाच बायका एका सुरात गायच्या. जत्रेत लोक ते ऐकायलाही थांबायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॅनाची वही मागितली. आत्यानं ती पिठाच्या डब्यामागून काढून दिली. उकडून कुस्करलेला बटाटा, ताक, जायफळ, अंडी, मैदा. सगळं जसंच्या तसं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: सहा डझनांना चरबी सव्वा पौंड लागते.

"आत्या, काल किती लागली?"

"मी काय तोलत बसते?"

"मी तोलली. आधीचा डबा आणि नंतरचा. सव्वादोन पौंड."

आत्यानं चष्मा डोक्यावर सरकवला. "एक पौंड जास्त?"

"पूर्वी एका डोनटात आठ ग्रॅम चरबी जायची. आता चौदा."

"चरबीच बदललीये. पूर्वीची डुकरं वेगळी होती."

"तो प्रयोग सोपा आहे."

मी तो केला. बाजारातली चरबी आणि एमस काकाच्या शेजाऱ्यानं घरी कढवलेली चरबी, दोन्हींत सहा-सहा डोनट. फरक शून्य. मग बटाटा बदलला. मग मैदा. पाच दिवसांत मी एकशे आठ डोनट तळले आणि कुत्र्यानंसुद्धा माझ्याकडे पाठ फिरवली.

राहिलं होतं तापमान. ते मी शेवटी ठेवलं होतं, कारण तापमानाला हात लावणं म्हणजे आत्याला हात लावणं. माझ्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी ऑरोनोच्या कॉलेजातून येताना आणला होता. आधी तो उकळत्या पाण्यात धरून आत्याला दाखवला. दोनशे बारा अंश फॅरनहाइट. समुद्रकाठी राहण्याचा हा एक फायदा आहे, पाणी बरोबर जिथे उकळायला हवं तिथेच उकळतं.

"बरं, तुझी कांडी खरी," आत्या म्हणाली. "पण माझ्या कढईत नाही घालायची. फुटली तर पारा कोण खाणार, कर्टिस?"

हे तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला आधी सुचायला हवं होतं. मी एक जुनं पातेलं घेतलं, त्यात चरबी ठेवली. ती नंतर साबणाला जाणार होती. आत्यानं पावाचा तुकडा सोडला. ती आणि मर्टल हात पुसत उभ्या राहिल्या आणि गायल्या. कडवं संपलं, तुकडा बदामी झाला होता.

"तयार," आत्या म्हणाली.

तीनशे चाळीस अंश. असायला हवेत तीनशे सत्तर. चरबी पुरेशी तापलेली नसली की डोनटाची कड पटकन बांधली जात नाही, आणि तोपर्यंत तो पीत राहतो.

"शक्यच नाही," आत्या म्हणाली. "तोच पाव, तेच कडवं. सदतीस वर्षं मी उभी आहे या कढईपाशी."

"तोच पाव?"

"तोच. बेकरीपण तीच."

मग कडवं राहिलं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "परत म्हणा."

"का?"

"आवडलं म्हणून."

मर्टलला बरं वाटलं. त्या परत गायल्या. अठ्ठ्याहत्तर सेकंद.

रविवारी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. व्हिटकम मास्तर ऑर्गनवर होते. साडेतीन वर्षांपूर्वी पोर्टलंडहून आलेले, फार सभ्य गृहस्थ, प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळे मिटून थांबतात. त्यांनी वाजवलेलं पहिलं कडवं: अठ्ठ्याहत्तर सेकंद. त्यांच्या आधी चाळीस वर्षं पियानोवर मिसेस बील होत्या. त्यांचं ओव्हनमध्ये मांस ठेवलेलं असायचं, त्यामुळे त्या कुठेच थांबायच्या नाहीत. पण त्यांच्या वेगाची नोंद माझ्याकडे नव्हती, आणि त्या वारल्या होत्या. 'पूर्वी जलद होतं' हे म्हणायला ठीक आहे. पुरावा म्हणून चालत नाही. मला असा माणूस हवा होता, ज्याला हे कडवं पाठ आहे पण ज्यानं व्हिटकम मास्तरांना कधीच ऐकलेलं नाही.

असा माणूस आमच्या गावात एकच होता.

एमस काका म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. चर्चनं पियानो विकून ऑर्गन घेतला त्या रविवारी पहिला सूर निघायच्या आधीच तो उठून बाहेर गेला आणि परत आला नाही. तो पियानो त्यानं आणि माझ्या आजोबांनी स्वतः होडीतून आणला होता. ऑर्गन घ्यायचा ठराव आत्यानं मांडला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांशी हवापाण्यापुरतंच बोलायचे, आणि तेही हवा फार वाईट असेल तर.

काका धक्क्यावर शेवंडांचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता. तो काम करताना नेहमी गुणगुणतो. मी शेजारी बसले आणि वाट पाहिली. आधी खलाशांची दोन गाणी झाली, त्यातलं एक माझ्यासमोर म्हणण्यासारखं नव्हतं. मग कडवं आलं.

अठ्ठावन्न सेकंद. तासाभरात तो ते अजून दोनदा गायला. सत्तावन्न. अठ्ठावन्न.

"काय गं, सारखी मनगटाकडे बघतेयस. कंटाळा आला का म्हाताऱ्याचा?"

"काका, तू आमचा सगळ्यात शुद्ध नमुना आहेस."

"हे आजवर मला कुणी म्हटलं नाही," काका म्हणाला. "तुझ्या काकूनं तर नाहीच."

मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला. इतका, की हातातली सुतळी पाण्यात पडली.

"म्हणजे तो मास्तर दर रविवारी ल्युएलाच्या डोनटांत चरबी ओततोय, तेही ऑर्गनवरून! लोकांनी त्याच्या वाजवण्याचं सांगितलं, तेव्हाच मी म्हटलं होतं. वाजवतो की प्रेत पुरतो, कळत नाही, म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस. आता येशील का?"

"कुठे?"

"कढईपाशी. गायला."

काकाचं हसू थांबलं. "तिनं बोलावलंय?"

"अजून नाही."

"मग तिनं बोलवू दे," तो म्हणाला आणि पुढचा पिंजरा ओढला.

आत्याला सांगणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं. मी कागदावर दोन रकाने केले, एकात अठ्ठ्याहत्तर, एकात अठ्ठावन्न, खाली 'कडवं लांबलं, म्हणून कमी तापलेल्या चरबीतही तुकडा बदामी होतो' असं लिहिलं, आणि रकाने तिच्यापुढे ठेवले. तिनं ते वाचले, पुन्हा वाचले. मग ती स्वयंपाकघरात गेली, चरबी नेहमीइतकीच तापवून तिच्यात पावाचा तुकडा टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, तोंड घट्ट मिटून, अठ्ठावन्न सेकंद उभी राहिली. तुकडा पांढराच होता.

"ऑर्गन मी आणला," ती म्हणाली.

"मास्तर चांगले वाजवतात, आत्या. फक्त तळण्यासाठी नाही."

"तोंड सांभाळ." पण तिला हसू आलं होतं. "घड्याळ टांगते कढईवर. संपलं."

"वाफेनं काच धुकटते. मी बघितलंय करून. आणि तुम्ही चौघी गाता तेव्हा घड्याळाकडे कुणीच बघत नाही."

"मग गायचं नाही."

मर्टल दारात उभी होती. "गायचं नाही? मग लोक काय ऐकायला थांबणार, चरबीचा चुरचुराट? यंत्र काय वेगळं करतं मग?"

आत्या खुर्चीवर बसली. बाहेरच्या बाजूला काकाची होडी धक्क्याला लागत होती, तिचं इंजिन ओळखू येतं. आत्यानं एप्रन सोडला, खुंटीला लावला, आणि केस नीट केले. तीनशे पावलं असतील धक्क्यापर्यंत. मी खिडकीतून पाहिलं. ती काठावर उभी राहिली, काका होडीतच. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत आटोपलं.

परत येऊन ती म्हणाली, "भोकं हवीयेत त्याला."

"म्हणजे?"

"साचा मारल्यावर मधून जे गोळे निघतात ते. मळून परत पिठात नाही घालायचे. तळून त्याला द्यायचे, सगळे, साखर लावून. लहानपणी मी त्याचे खायचे म्हणे. चौपन्न वर्षं लक्षात ठेवलंय मेल्यानं."

शनिवारी बैलांच्या रिंगणाजवळ दोन टेबलं मांडली होती. नॉर्मन गुले सकाळीच त्याची गाडी घेऊन आला होता. माणूस भला होता. त्याचं यंत्र स्टीलचं, काचेच्या पेटीत. वरून पीठ पडायचं, कडं होऊन चरबीत तरंगत जायचं, मध्ये एक पळी आपोआप उलटवायची आणि पलीकडे तयार डोनट घरंगळायचा. पोरं काचेला नाक लावून उभी होती.

"न्यू यॉर्कमध्ये पन्नास वर्षांपूर्वी असंच खिडकीत लावलं होतं यंत्र," गुले मला सांगत होता. "रस्ता अडायचा म्हणे गर्दीनं. थिएटरातून बाहेर पडलेले लोक हेच बघत उभे राहायचे. तापमान ठरवलेलं, वेळ ठरलेली. माणसाचा हातच नको."

"किती अंशांवर ठेवलंय?"

"तीनशे साठ. त्याहून वर नेलं तर चरबी लवकर काळी पडते, रोज बदलावी लागते." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू कुणाकडची?"

"समोरच्यांकडची."

"मग नको होतं सांगायला," तो म्हणाला आणि मला एक डोनट दिला. हलका होता, गोड होता, चांगला होता. मी त्याला तसं सांगितलं.

तेवढ्यात भोकावरून वाद सुरू झाला, तो आमच्याकडे दर जत्रेला होतो. रिंगणाच्या कठड्यावर बसलेल्या कोळ्यांचं म्हणणं, किनाऱ्यावरच्याच एका कप्तानानं वादळात सुकाणूच्या खुंटीला डोनट खोचला, तेव्हा पहिलं भोक पडलं. मर्टलचं म्हणणं, कप्तानाच्या आईला मध्ये कच्चा राहिलेला डोनट आवडत नव्हता, तिनं पाडलं. पण जहाज मुलाचं, म्हणून नाव मुलाचं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की भोक कुणीही पाडलेलं असो, त्यानं मधला कच्चा भाग काढून टाकला आणि तळायला पृष्ठभाग वाढवला. कुणी विचारलं नाही.

काका आला तो स्वच्छ सदरा घालून. चर्चच्या बायका बाजूला सरकल्या. तो कढईच्या डाव्या अंगाला उभा राहिला, आत्या उजव्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"पाव," आत्या म्हणाली.

तुकडा चरबीत पडला आणि काकानं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मर्टलनं सवयीनं सूर लावला आणि ओळीच्या शेवटी मास्तरांसारखी थांबली. बाकीच्या दोघी तिच्याबरोबर थांबल्या. काका पुढे निघून गेला होता. क्षणभर दोन गाणी झाली.

"तोंडं बंद, बायांनो!" आत्या ओरडली. "त्याच्यामागून या, नाहीतर गप्प बसा!"

गर्दी हसली. चुलीजवळ उभे असलेले व्हिटकम मास्तरही हसले. कशामुळे, ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

कडवं संपलं. तुकडा पांढरा. आत्यानं लाकूड सारलं, विस्तव वाढवला. दुसरा तुकडा, दुसऱ्यांदा कडवं. फिकट पिवळा. गुलेच्या यंत्रातून तोपर्यंत तीन डझन बाहेर पडले होते आणि कमिटीचा एक सभासद घड्याळाकडे बघत होता.

"ल्युएले, चालेल की," काका पुटपुटला. "पिवळा झालाय."

"पिवळा म्हणजे बदामी नव्हे. अजून एकदा."

"घसा बसेल माझा."

"चौपन्न वर्षं मनात कुरकुरत होतास, तेव्हा नाही बसला. म्हण."

तिसऱ्यांदा बायका काकाच्या मागून, त्याच्याच वेगानं आल्या. कडवं संपलं तेव्हा तुकडा बदामी होता. आत्यानं तो झाऱ्यानं उचलून उजेडात धरला, खाली ठेवला, आणि पहिले सहा डोनट काठावरून सरकवले. ते क्षणभर बुडाले आणि वर आले. काका गायला, तिनं उलटले. तो पुन्हा गायला, तिनं काढले. माझं घड्याळ मी तेवढ्यात तीनदा बघितलं, आणि आत्यानं एकदाही नाही.

दोन डझन झाल्यावर कर्टिसनं हात वर केला. खाऊन तर सगळ्यांनीच बघितले होते आणि सगळ्यांची मतं वेगळी होती. म्हणून परीक्षा कागदावर घ्यायची ठरलं, ज्याचं चरबीचं वर्तुळ लहान त्याची जागा. गुलेनंही मान हलवली. कर्टिसनं वाण्याची एक पिशवी फाडून टेबलावर पसरली. यंत्रातून नुकताच निघालेला एक डोनट डावीकडे ठेवला, कढईतून नुकताच निघालेला उजवीकडे. दोन्ही तीन इंचांचे होते. मी मोजून पाहिले. दोन्हींवर एकेक काचेचा वाडगा पालथा घातला. दहा मिनिटं थांबायचं होतं.

त्या दहा मिनिटांत काका साखर लावलेले गोळे खात उभा होता. सातवा खाल्ल्यावर त्यानं एक आत्याच्या तोंडासमोर धरला. तिचे दोन्ही हात पिठानं भरले होते. तिनं तोंड उघडलं.

"वेळ झाली," कर्टिस म्हणाला. "पोरी, पट्टी आण."

मी वाडगे उचलले, डोनट बाजूला केले आणि दोन्ही वर्तुळं दोनदोनदा मोजली, एकदा आडवी, एकदा उभी.

यंत्राचं: साडेतीन इंच.

कढईचं: सव्वातीन.